फलोदीचं ऊन की लेहची थंडी?

अकोल्याच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“वय ३७. सौर प्रकल्पांवर विजेच्या कामाचा सुपरवायझर आहे. कंपनीने दोन वर्षांसाठी दोन जागा समोर ठेवल्या आहेत. एक राजस्थानात, फलोदीच्या पुढे भडला सोलर पार्कमध्ये देखभालीची. दुसरी लेहला, शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या छोट्या सौर संचांची. १५ एप्रिलला रुजू व्हायचंय. बरोबर पत्नी, साडेचार वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई असेल. आईला रक्तदाब आहे, दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी. मित्र म्हणतात, थंडीत कपडे चढवता येतात, उन्हात कातडी काढता येत नाही, तेव्हा लेहच घे. आई म्हणते, आपण अकोल्याचे, ४५ आपल्याला नवं नाही. काय करू?”

आमचं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. चौघांनी जायचं असेल तर फलोदी घ्या. घर मात्र जोधपूरला करा आणि कंपनीकडून खाली दिलेल्या अटी लिहून घ्या. त्या मिळत नसतील तर लेह घ्या, पण एकट्याने; आई, पत्नी आणि मुलगी अकोल्यातच राहू देत. चौघांनी मिळून लेहला जाणं हा पर्याय तुमच्या घरापुरता आम्ही बाद धरतो. त्याचं कारण थंडीपेक्षा वेगळंच आहे, त्याकडे येऊच.

मित्रांचं वाक्य अर्धं खरं आहे. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याच्या वर गेली की उलटं होतं, हवाच अंगाला तापवते आणि सुटकेचा एकच मार्ग उरतो, घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे महत्त्वाचं. थेंब होऊन जमिनीवर पडलेल्या घामाने काहीच गार होत नाही. म्हणून कोकणातले दमट ३६ अंश जिवावर येतात आणि वाळवंटातले कोरडे ४४ अंश सावलीत सोसवतात. फलोदीत मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतही नाही. कपाळ कोरडं, शर्टावर फक्त मिठाचे पांढरे डाग. धोका इथेच सुरू होतो, कारण ‘घाम नाही म्हणजे पाणी जात नाही’ असं वाटत राहतं. प्रत्यक्षात अंगमेहनत करणारा माणूस तिथे तासाला एक ते दीड लिटर पाणी गमावतो.

आईंचं म्हणणंही अर्धंच खरं. अकोल्यात मे महिन्यात बारा वाजता काय होतं ते आठवा. रस्ते ओस पडतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, घरोघरी कूलरचा आवाज. अकोल्याच्या माणसाला ४५ अंशांत राहायची सवय आहे, त्यात आठ तास पाना-पक्कड चालवायची नाही. उन्हात काम करायची सवय ही शरीरात घडणारी वेगळी गोष्ट आहे. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातलं मीठ कमी होतं, त्याच कामाला नाडी कमी धावते. याला ७ ते १४ दिवस लागतात आणि तेही रोज थोडा वेळ उन्हात हालचाल केली तरच. कूलरसमोर बसून ती येत नाही. उलट, आठवडाभर उन्हापासून लांब राहिलं की ओसरू लागते आणि महिनाभरात जवळपास संपते.

म्हणून तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आम्हाला १५ एप्रिल ही तारीख वाटते. त्या दिवसांत फलोदीचा पारा चाळिशीत शिरतो आणि जूनअखेरपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. १९ मे २०१६ रोजी याच फलोदीत ५१ अंशांची नोंद झाली होती. उन्हाने दगावणाऱ्या कामगारांत कामावर नव्याने आलेल्यांचं प्रमाण फार मोठं असतं, आणि तेही पहिल्या काही दिवसांतच. नवा माणूस जुन्यांच्या बरोबरीने राबायला जातो, सुपरवायझर तर आणखीच. शक्य असेल तर रुजू व्हायची तारीख ऑक्टोबरवर न्या. ते जमत नसेल तर पहिल्या आठवड्याचं गणित असं ठेवा: पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण पाळीच्या २० टक्के, दुसऱ्या दिवशी ४०, मग ६०, ८० आणि पाचव्या दिवशी पूर्ण. आठ तासांच्या पाळीत २० टक्के म्हणजे दीड तास. उरलेला वेळ कंट्रोल रूममध्ये, नकाशे आणि नोंदी समजून घेण्यात. सुट्टीवरून दोन आठवड्यांनी परतलात तर पुन्हा चढती चाल: ५०, ६०, ८०, १००. हा नियम तुमच्या हाताखालच्या माणसांनाही लावा. रजेवरून आलेल्या हेल्परला त्याच दिवशी दुपारी पॅनेलच्या रांगांमध्ये धाडणं ही नेहमीची चूक आहे.

भडल्यातलं काम साध्या उन्हातल्या कामापेक्षा जास्त तापदायक असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. पॅनेल हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापतं. ४४ च्या दुपारी त्याचा पृष्ठभाग सत्तरीला पोचतो, लोखंडी चौकटीला उघडा हात लावला की भाजतं आणि दोन रांगांच्या मधे वारा कोंडतो. त्यामुळे हवामान खात्याचा आकडा तुमच्या जागेचा आकडा नव्हे. रांगांमधलं काम पहाटे साडेपाच ते साडेदहा. दुपारी इन्व्हर्टरच्या खोलीतलं काम, पण त्या खोलीतला एसी चालू आहे याची खात्री करून, नाहीतर ती खोली बाहेरच्यापेक्षा गरम असते. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा बाहेर. आणखी एक गोष्ट. ऊन आहे तोवर पॅनेलच्या डीसी तारांमधली वीज कुठल्याही खटक्याने मरत नाही, आणि घामाने भिजलेला हात कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज वीज वाहून नेतो. रबरी हातमोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घाला, दर तासाला बदला. कनेक्टर सोडायचं काम दुपारी एक ते चारमध्ये ठेवूच नका. तापलेल्या माणसाचं लक्ष आधी जातं, ताकद नंतर.

कपडे कमी करण्याच्या फंदात पडू नका. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मान झाकणारा रुमाल, रुंद कडेची टोपी किंवा हेल्मेटखाली ओला पंचा. वाळवंटातले लोक डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतात ते उगीच नाही. कापड ऊन अडवतं आणि घामाला हळूहळू वाळू देतं.

पाणी तहान लागल्यावर नाही, घड्याळावर प्या. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. त्याहून जास्त नुसतं पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याची लक्षणं, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, बरळणं, उष्माघातासारखीच दिसतात. मग आजूबाजूचे लोक आणखी पाणी पाजतात आणि माणूस अधिकच बिघडतो. दिवसभरातल्या पाण्यापैकी तिसरा हिस्सा तरी मीठ असलेला हवा: मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, आंबील, बेताच्या साखरेचं पन्हं, नाहीतर एक लिटर पाण्यात एक पुडी याप्रमाणे ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीचा. पेल्याभर पाण्यात अख्खी पुडी ओतणं चुकीचं आहे, त्याने जुलाब लागू शकतात. जेवण टाळू नका, कारण मीठ खरं तर जेवणातूनच भरून निघतं. साईटवर वजनकाटा ठेवा. पाळीच्या आधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी भरलं तर लिटरभर पाणी मागे राहिलंय. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर घट, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला दीड किलो, दिसली तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी हलकं काम.

उष्माघाताबद्दल तुमच्या टोळीतल्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ हवी: घाम थांबला तरच उष्माघात, हे खरं नाही. राबताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. खूण वागण्यात शोधा. असंबद्ध बोलणं, चिडचिड, झोकांड्या, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर. असं दिसलं की आधी गार करा, मग हलवा. सावलीत नेऊन बूट आणि जाड कपडे काढा. ताडपत्रीचे काठ चौघांनी उचलून धरायचे, मधे माणूस, त्यावर पाणी आणि हाताशी असेल तेवढा बर्फ. ताडपत्री नसेल तर पॅनेल धुवायच्या नळीने सतत भिजवत ठेवा आणि वारा घाला. १०८ ला फोन एकाने त्याच वेळी करायचा. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर वाचण्याची शक्यता फार मोठी असते. गाडीत घालून तासभर धावत नेण्यात नेमका तोच अर्धा तास जातो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ती चालत नाही आणि यकृताला इजा करू शकते. खिशातला कांदा कोशिंबिरीत घाला, उष्माघाताला तो अडवत नाही.

आता घर. जोधपूर यासाठी की तिथे एम्स आहे, रेल्वे आहे, शाळा आहेत. तुम्ही आठवडाभर साईटच्या कॅम्पवर राहाल आणि सुट्टीला घरी याल. हे सोपं नाही, पण लेहहून अकोल्याला येण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. घर बघताना सगळ्यात वरचा मजला घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. पश्चिमेच्या खिडक्या कमी असाव्यात, आणि पडदा काचेच्या बाहेरून असावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच.

कूलर तर तुमच्या हातातली विद्या. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगला कूलर २९-३० अंशांची हवा देतो. त्यासाठी समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर आतली ओल साचते आणि तासाभरात खोली कोंदट होते. जोधपूरकडे पाणी जड असेल तर ताट्यांवर क्षार बसून पाणी एका कडेने वाहू लागतं आणि उरलेली ताटी कोरडी राहते. दर पंधरवड्याला बघा, दर मोसमात ताट्या बदला. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. पण कूलरवर सगळी भिस्त नको. जुलै-ऑगस्टमध्ये हवा ३६ अंशांवर उतरते आणि आर्द्रता साठ टक्क्यांवर जाते, तेव्हा तोच कूलर ३१ अंशांची चिकट हवा फेकतो. आईंच्या खोलीत एक एसी हवाच, तो २६-२७ वर ठेवून वर पंखा लावला तरी पुरे.

आईंबद्दल जरा सविस्तर, कारण या निर्णयाचं खरं वजन त्यांच्या बाजूला आहे. वय वाढलं की तहान उशिरा कळते आणि घामही कमी येतो. त्यात पाणी काढणारी गोळी. उन्हाळ्यात घामावाटेही पाणी जातं, गोळीवाटेही जातं, आणि रक्तदाब गरजेपेक्षा खाली येऊ शकतो. सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी, दुपारी गुंगी, पायात गोळे, ही त्याची लक्षणं. गोळी स्वतः बंद करू नका आणि मिठाचं ताकही स्वतःच्या मनाने वाढवू नका. निघण्याआधी डॉक्टरांना सांगा की आई मे-जून राजस्थानात काढणार आहेत. मात्रा बदलायची का, दुसरी गोळी द्यायची का, हे ते ठरवतील. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम त्यावरून कळतं) आत्ता एकदा आणि उन्हाळा लागल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवा, सकाळी बसून आणि उभं राहून एक मिनिटाने असे दोन आकडे वहीत लिहा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसहून जास्त घसरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वीज गेली तर नुसता पंखा किंवा खिडकीतला वारा पुरेसा नाही. चाळिशीच्या वरचा वारा कोरड्या अंगाला तापवतोच. अंगावर ओला पंचा टाकून मग वारा घ्यायचा. मुलीबद्दल एकच: बंद गाडीत तिला दोन मिनिटंही सोडायचं नाही.

लेहकडे वळतो. तुम्ही ऊन की थंडी विचारलंत, पण लेहमध्ये तिसरी गोष्ट आहे आणि तीच निर्णय फिरवते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात इथल्यापेक्षा जेमतेम दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो. विमानाने उतरल्यावर पहिले ४८ तास पूर्ण विश्रांती, तिसऱ्या दिवशी सपाटीवर चालणं, आठवड्याने शिडी आणि ओझं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे अनेकांना होतं आणि विश्रांतीने जातं. पण बसल्या जागी दम लागणं, सततचा खोकला, ओठ निळे पडणं, सरळ रेषेत चालता न येणं, यातलं काही दिसलं तर प्राणवायू आणि ताबडतोब खाली उतरवणं हाच उपाय. हिवाळ्यात खाली उतरायला भरवशाचा रस्ता नसतो. मनालीचा रस्ता महिनोन्महिने बंद, श्रीनगरकडच्या रस्त्यावरचा झोजी ला घाट बर्फाने केव्हा अडेल त्याचा नेम नाही, आणि विमानं मुख्यतः सकाळच्या वेळेतच, तीही हवा साफ असेल तर. सोनम नोरबू स्मारक रुग्णालय लेहमध्ये आहे आणि उंचीच्या आजारांत तिथल्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे, पण मोठ्या शस्त्रक्रियेला किंवा हृदयविकाराच्या गुंतागुंतीला रुग्णाला खाली न्यावंच लागतं.

आईंचा रक्तदाब उंचीवर पहिले काही आठवडे वर जातो, थंडी तो आणखी चढवते. उंचीसाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड हीसुद्धा पाणी काढणारीच गोळी. आईंच्या चालू गोळीबरोबर घेतली तर पोटॅशियम धोक्याच्या खाली जाऊ शकतं. साडेचार वर्षांच्या मुलीला ‘डोकं दुखतं’ असं नेमकं सांगता येत नाही. ती किरकिरते, खात नाही, खेळत नाही, आणि आपण ते प्रवासाच्या शिणावर ढकलतो. दर सुट्टीला अकोल्याला येऊन तीन आठवड्यांनी परत गेलात की हे सगळं पहिल्यापासून सुरू. उंचीवर रुळलेल्या मुलांना खालून परतल्यावर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका खास असतो. म्हणून कुटुंबासह लेह नको असं आम्ही म्हणतो. थंडी एकटी असती तर इतकं ठामपणे म्हटलं नसतं.

थंडीपुरतं बोलायचं तर मित्रांचं वाक्य घराबाहेर बऱ्यापैकी लागू पडतं. मोठा धोका घरात असतो, रात्रीचा. जानेवारीत लेहमध्ये रात्री उणे १५ सहज होतं. घर तापवायला बुखारी, म्हणजे धुराडं असलेली लोखंडी शेगडी. लाकूड, शेण्या किंवा रॉकेल. धुराडं काजळीने अर्धं भरलं किंवा वारा उलटा फिरला की कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. उंचीवर प्राणवायू आधीच कमी, त्यामुळे जळण अर्धवट होतं, वायू जास्त तयार होतो आणि रक्तात तो सोसायची जागाही कमी असते. त्यातून होणारी डोकेदुखी आणि मळमळ अगदी उंचीच्या आजारासारखी. लोक ‘हवा लागली’ म्हणून पांघरूण ओढून झोपतात. ओळखायची खूण ही: एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर हलकं वाटलं, तर तो हा वायू आहे, उंची नव्हे. नियम मोडायचे नाहीत असे: झोपण्याआधी बुखारी विझवायची, पेटलेली असताना खिडकी दोन बोटं उघडी, धुराडं दर पंधरवड्याला झाडायचं, कोळशाची उघडी शेगडी किंवा धुराडं नसलेला गॅस हीटर झोपायच्या खोलीत कधीच नाही, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, त्याच्या बॅटऱ्या दर हिवाळ्याच्या आधी नव्या. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी आणि जाड रजई रात्र काढायला पुरते. खोली दक्षिणेकडे काचा असलेली घ्या. लेहचं हिवाळी ऊन लख्ख असतं, दुपारी अशी खोली बिनखर्चाची तापते.

बाहेर जाताना अंगाला सुती बनियन नको. सुताने शोषलेला घाम थांबल्याक्षणी गार पडतो आणि तोच अंगातली ऊब ओढतो. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं अंगाला बसणारं थर्मल, वर स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. शिडी चढायच्या आधी मधला थर काढा, थांबलात की लगेच घाला. घाम येईपर्यंत कपडे ठेवणं ही नवख्यांची पहिली चूक. दुसरी म्हणजे बुटात दोन जाड पायमोजे कोंबणं. रक्त अडतं आणि बोटं आधी गारठतात. बूट एक नंबर मोठा, एकच जाड लोकरीचा मोजा, दुपारी बदलायला दुसरा जोड. हवा उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर, तर उघड्या कातडीला ती उणे २० सारखी लागते. उणे २० ला तेवढाच वारा असेल तर उणे ३३, आणि मग अर्ध्या तासाच्या आत नाक-कान-बोटं गोठू शकतात. विजेच्या कामात अडचण हातांची. आत पातळ मोजे, वर चारही बोटं एकत्र राहणारे जाड मोजे. वरचे काढून पाच मिनिटं काम, पुन्हा घालायचे. अवजारांच्या मुठींना टेप गुंडाळा. बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर झालं तर चोळू नका, बुखारीसमोर धरू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. पण पुन्हा थंडीत जायचंच असेल तर आधी सुरक्षित जागी पोचा, कारण एकदा वितळलेलं बोट पुन्हा गोठलं तर सहसा हातचं जातं. गॉगल रोज, ढगाळ दिवशीही. बर्फावरून परतलेल्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात आणि ते कळतं संध्याकाळी.

तुमच्या कामातल्या दोन गोष्टी लेहला वेगळ्या निघतील. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. उणे २० च्या लख्ख सकाळी ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे भार न जोडता मिळणारं व्होल्टेज, पाटीवरच्या आकड्यापेक्षा बारा-तेरा टक्के जास्त भरतं, आणि मैदानातल्या हिशेबाने एकापुढे एक जोडलेली पॅनेलची रांग इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ओलांडते. दुसरं, उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठून फुटते, भरलेली तगते. आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही. पाण्याचे नळ हिवाळ्यात बंद असतात, पाणी टँकरने किंवा हापशावरून बादलीने आणावं लागतं. संडास कोरडा असू शकतो. एकट्याला हे जमतं.

कंपनीकडून लिहून घ्यायच्या अटी: मे, जून आणि जुलैत सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच रांगांमध्ये काम नाही, कामाच्या जागेपासून तीन-चार मिनिटांच्या चालीवर सावली आणि गार पाणी, प्रत्येक टोळीबरोबर ताडपत्री, बर्फाचा डबा आणि ओआरएस, नव्या आणि रजेवरून आलेल्या माणसाला चढत्या तासांचा नियम, कॅम्पमधल्या झोपायच्या खोलीला एसी आणि जनरेटर, कारण रात्री अंग गार झालं नाही तर दुसऱ्या दिवसाचं काम आदल्या दिवसाच्या थकव्यावर चढतं, आणि आठवड्याची सुट्टी जोधपूरला पोचता येईल अशी सलग. ‘तोंडी ठरलंय’ यावर विसंबू नका. मे महिन्यात बिघाड झाला, वरून फोन आला की तोंडी ठरलेलं पहिल्यांदा वितळतं. ईमेल चालेल.

यातली पहिली अट नाकारली गेली तर दुसऱ्या दिवशी लेहला होकार कळवा. लेहसाठी १५ एप्रिल ही तारीख मात्र चांगली आहे, हिवाळ्याची तयारी करायला सहा महिने हातात मिळतात. पत्नी आणि मुलगी जून ते सप्टेंबरमध्ये येऊन राहू शकतील, मुलीची शाळा अजून बालवाडीचीच आहे. आईंनी अकोल्यातच राहावं.

ऑक्टोबर मागून पाहाच. ‘पगार तोच, तारीख सहा महिन्यांनी’ असं मागणं कंपनीला अवघड वाटेल. त्याऐवजी ‘एप्रिल ते सप्टेंबर अकोल्याच्या किंवा दुसऱ्या साईटवर, ऑक्टोबरपासून भडला’ असं मागा, मान्य व्हायची शक्यता जास्त. तसं झालं तर जोधपूरला रजया घेऊन जा. वाळवंटातली डिसेंबरची रात्र अकोल्यापेक्षा बरीच गार असते. आईंच्या रक्ताच्या तपासण्या मात्र होकार द्यायच्या आधी, याच आठवड्यात करून घ्या. सोडियम आत्ताच कमी निघालं तर जोधपूरचा उन्हाळाही त्यांच्यासाठी नाही, आणि ते कळायला निकालाचा तो एक कागद पुरेसा आहे.